स्वतःचं वजन पेलताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी हे गाव ऑगस्ट २०२१ मध्ये देशभरच्या बातम्यांत आलं. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगचं काम करणारा एक तरुण तिथे स्वतःच्या हातांनी एका माणसापुरतं हेलिकॉप्टर बनवत होता. चाचणी घेताना पंख्याचं पातं तुटलं आणि त्याचा जीव गेला. तेव्हापासून फुलसावंगी आणि गुरुत्वाकर्षण ही जोडी माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मात्र मला जी गोष्ट सांगायची आहे ती वर जाण्याची नाही. पृथ्वीने खाली ओढल्याशिवाय माणसाचं शरीर नीट घडतच नाही, अशी ती गोष्ट आहे. ती बघायला प्रयोगशाळा लागत नाही. फुलसावंगीतल्या कुठल्याही घरात सतरंजीवर पालथं घातलेलं चार महिन्यांचं लेकरू पुरतं.

सुरुवात मात्र जमिनीच्या आधी, पाण्यात होते. आईच्या पोटात बाळ गर्भजलात असतं आणि तिथे त्याचं वजन जवळजवळ नाहीसं झालेलं असतं. विहिरीत पोहताना आपल्यालाही अंग हलकं वाटतं. बाळ त्याच हलकेपणात महिनोन्‌महिने राहतं. म्हणून ते नुसतं पडून असतं असं नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी एमआरआयच्या हलत्या चित्रांवरून गर्भाच्या लाथेचा जोर काढला आणि २०१८ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. विसाव्या आठवड्यात लाथेचा जोर २९ न्यूटन, तिसाव्या आठवड्यात ४७ न्यूटन. म्हणजे तीन किलोचं वजन उचलायला लागेल तेवढ्यापासून पावणेपाच किलोपर्यंत. आणि पस्तिसाव्या आठवड्यात हा जोर एकदम १७ न्यूटनवर येतो, कारण आता आत पाय फेकायला जागाच उरलेली नसते. गंमत पुढेच आहे. लाथेचा जोर घटतो, तरी बाळाच्या हाडांवर पडणारा ताण शेवटच्या आठवड्यांत वाढत जातो. गर्भाशयाची भिंत जवळ आलेली असते, ती पायाला अडवते, आणि अडवलेला पाय जास्त कष्ट करतो.

हे कष्ट फुकट जात नाहीत. ज्या गर्भांना काही आजारामुळे हालचाल करता येत नाही, त्यांचे सांधे जन्मतःच आखडलेले असतात, हाडं बारीक आणि ठिसूळ असतात. सांधा हा आधी तयार होऊन मग वापरला जातो, अशी आपली समजूत असते. खरं तर तो वापरला जात असतानाच तयार होत असतो. पूर्ण दिवसांचं बाळ हातपाय पोटाशी ओढून जन्मतं, बायका म्हणतात ‘मुटकुळं करून आलं’, तेही त्या शेवटच्या अडचणीच्या आठवड्यांचंच काम. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ही अडचण पुरेशी मिळालेली नसते. ते बेडकासारखे पाय फाकवून, सैल पडून राहतं. नवजात विभागातल्या परिचारिका अशा बाळाभोवती कापडाच्या गुंडाळ्या लावून घरटं करतात. जी भिंत त्याला आत मिळायची होती, ती बाहेर उभी केली जाते. इतकी साधी, इतकी नेमकी युक्ती वैद्यकात क्वचितच सापडते.

मग जन्म होतो आणि बाळाला पहिल्यांदा स्वतःचं वजन लागतं. कालपर्यंत सहज हलणारा हात आज जड. डोकं तर फारच जड: नवजात बाळाच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा डोक्याचाच असतो, मोठ्या माणसात तो आठवा असतो. त्या मानाने स्नायू किती? मोठ्या माणसाच्या वजनात सुमारे चाळीस टक्के स्नायू असतात. नवजात बाळात जेमतेम वीस-पंचवीस. शिवाय स्नायूंमधल्या तंतूंची संख्या जन्माच्या आसपास बहुतेक ठरून गेलेली असते. दोरखंडातले धागे आधीच मोजून दिलेले आणि पुढे आयुष्यभर तेच धागे जाड करत बसायचं, असा हा व्यवहार आहे. प्रत्येक तंतूच्या कडेला काही राखीव पेशी चिकटून बसलेल्या असतात. तंतूवर ओझं पडलं, तो ताणला गेला, की या पेशी जाग्या होतात, वाढतात, त्याच्यात विरघळून जातात आणि त्याला नवी केंद्रकं देतात. प्रथिनं बनवण्याची ताकद त्यातून वाढते. या सगळ्याला लागणारा इशारा मुख्यतः ओझ्यातून येतो. दूध माल पुरवतं. काम काढतं ते वजन.

‘मान धरली का वं लेकरानं?’ हा विदर्भातल्या बायाबापड्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो अगदी शास्त्रशुद्ध आहे. पालथ्या पडलेल्या बाळासाठी मान उचलणं हे पहिलं मोठं ओझं. आधी क्षणभर डोकं वर, मग धप्पकन खाली. काही आठवड्यांनी कोपरांवर भार, छाती वर. मग तळहातांवर. मान आणि पाठ यांचे स्नायू या क्रमाने वरून खाली कामाला लागतात आणि जन्मताना एकाच कमानीत वाकलेला कणा मानेपाशी उलटं वळण घेऊ लागतो. कमरेचं वळण ठळक होतं ते पुढे, उभं राहू लागल्यावर.

पालथं घालण्याचं महत्त्व जगाला जरा आडवळणाने पुन्हा कळलं. झोपेत दगावणाऱ्या तान्ह्या बाळांचं प्रमाण कमी व्हावं म्हणून १९९०च्या दशकात अमेरिकेसह अनेक देशांनी बाळांना उताणंच झोपवा असं सांगायला सुरुवात केली. सल्ला अत्यंत योग्य होता आणि आजही आहे. त्याने असंख्य जीव वाचले. पण दिवसाही बाळं उताणीच राहू लागली तेव्हा ती कुशीवर वळायला, रांगायला थोडा उशीर करताहेत असं दिसलं. म्हणून आता जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची सूचना अशी: झोपताना उताणं, पण जागेपणी, कुणीतरी समोर असताना, अजून रांगत नसलेल्या बाळाला दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथं ठेवा.

इथे मला आपली न्हाऊ घालणारी बाई आठवते. पाटावर पाय लांब करून बसते, नडग्यांवर बाळाला पालथं घालते आणि पाठीवर तेल जिरवत राहते. बाळ रडतं, मान वर करतं, पुन्हा टेकवतं. तेलाचं कौतुक सगळे करतात. माझ्या मते त्यातलं निम्मं श्रेय त्या पालथ्या ठेवण्याला द्यायला हवं. मालिशने बाळाला गाढ झोप लागते, मुदतीआधी जन्मलेल्यांचं वजन वाढायला मदत होते असं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण दुसऱ्याने चोळून स्नायू बळकट होत नाही. तो स्वतः राबतो तेव्हाच होतो. नाक ओढणं, हातपाय खेचून ‘सरळ’ करणं, उलटं धरून झटके देणं यांचा तर स्नायूंशी काहीच संबंध नाही. त्यात फक्त धोका आहे.

आता या विषयातला माझा सर्वांत आवडता प्रयोग. नवजात बाळाला काखेत धरून पायाचे तळवे जमिनीला टेकवले की ते चक्क पावलं टाकतं. आजीला वाटतं, नातू आत्ताच चालणार! दोनेक महिन्यांत ही पावलं गायब होतात आणि वर्षाच्या सुमारास पुन्हा येतात. ती मधे कुठे जातात? कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत उत्तर होतं ते मेंदूचं: मेंदूचा वरचा थर पक्व होतो आणि ही आदिम प्रतिक्रिया दाबून टाकतो. एस्थर थेलेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना हे पटलं नाही. त्यांच्या लक्षात आलं होतं की पावलं टाकायची थांबलेलं बाळ उताणं झोपवलं की पाय अगदी त्याच तालात, त्याच क्रमाने झाडतं. मेंदूने हालचाल दाबली असेल तर ती फक्त उभं धरल्यावरच का दबावी?

१९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन सोपी कामं केली. पावलं टाकणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली, पुढच्या काही आठवड्यांत पाय जेवढे जड होणार तेवढीच. पावलं कमी झाली. मग बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात उभं धरलं. पावलं वाढली! म्हणजे मेंदूने काहीच विसरलेलं नव्हतं. पहिल्या दोन महिन्यांत बाळाच्या मांड्या-पोटऱ्यांवर चरबी झपाट्याने चढते, स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, आणि जड झालेला पाय बाळाला उचलवत नाही. पाण्याने वजन उतरवलं की पावलं परत. आपण ज्याला ‘गुटगुटीत’ म्हणून दृष्ट काढतो, तेच बाळ पायाच्या वजनाशी झुंजत असतं. मेंदूतलं एक मोठं कोडं पाण्याच्या एका टाकीने सोडवलं, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

आणि ओझं मुळातच नसेल तर? माणसाच्या बाळावर हा प्रयोग करता येत नाही, करूही नये. उंदरांवर झाला आहे. एप्रिल १९९८ मध्ये ‘कोलंबिया’ यान (कल्पना चावला आदल्याच वर्षी त्यातून जाऊन आल्या होत्या) न्यूरोलॅब नावाच्या मोहिमेवर सोळा दिवसांसाठी गेलं. त्यात उंदरांची आठ आणि चौदा दिवसांची पिल्लं होती. याच वयात उंदीर अंगाचा भार पायांवर घ्यायला शिकतात. सगळ्यांत लहान पिल्लांपैकी अनेक दगावली. जगलेल्यांच्या स्नायूंत जे दिसलं ते फार बोलकं होतं. सगळे स्नायू सारखे मागे पडले नव्हते. फटका बसला तो प्रामुख्याने पोटरीच्या आतल्या सोलियस या स्नायूला, म्हणजे उभं राहताना आपल्याला पुढे कोसळू न देणाऱ्या स्नायूला. त्यात न थकता तासन्‌तास काम करणारे संथ तंतू असतात आणि हे संथपण मायोसिन या प्रथिनाच्या एका खास प्रकारावर अवलंबून असतं. अंतराळातल्या पिल्लांमध्ये तो प्रकार पुरेसा तयारच झाला नाही. उभं राहण्याचा स्नायू उभं राहिल्याशिवाय बनला नाही! जमिनीवर परतल्यावर पिल्लं सावरली. पण लहान वयात गेलेल्यांची उताण्याचं पालथं होण्याची ढब काही महिन्यांनीही वेगळीच राहिली. शिकायचा तो पंधरवडा त्यांनी तरंगत घालवला होता.

मोठ्यांचं गणित वेगळं असतं. सुनीता विल्यम्स २८६ दिवस अंतराळात राहून मार्च २०२५ मध्ये परतल्या, रोज व्यायाम करूनही स्नायू आणि हाडांची झीज सोसून. पण त्यांचं शरीर एकदा पृथ्वीवर घडलेलं होतं, त्याला परतायला वाट ठाऊक होती. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकावर गेले तेव्हा त्यांच्याकडे बंगळुरूच्या इन्स्टेम संस्थेचा एक प्रयोग होता: वजन नसताना स्नायूंच्या मूळपेशी नवा स्नायू कसा बनवतात. राखीव पेशींचं हे कोडं अजून उलगडतंच आहे.

स्नायू हाडांना ओढतात, म्हणून हाडंही याच शाळेत जातात. जन्मताना मांडीचं हाड गुडघ्यापाशी सरळ असतं. चालायला लागल्यावर ते आतल्या बाजूला तिरकं होत जातं. गुडघे शरीराच्या मध्यरेषेजवळ येतात आणि एका पायावर भार असताना आपण बाजूला कलंडत नाही. जी मुलं कधीच चालू शकली नाहीत त्यांच्यात हा कोन तयार होत नाही. इथे मागे, फार मागे वळून बघा. १९७४ मध्ये इथिओपियात सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘लूसी’च्या मांडीच्या हाडात हा कोन आहे, आणि म्हणून ती दोन पायांवर चालत होती असं शास्त्रज्ञ म्हणतात. कोन चालण्यातूनच येत असेल, तर ते हाड आणखी एक गोष्ट सांगतं: लूसी लहानपणीच चालायला शिकली होती. तिचं बालपण तिच्या गुडघ्यात साठून राहिलं आहे.

पाय धनुकलीसारखे वाकडे दिसतात म्हणून आया घाबरतात आणि दोष कडेवर घेण्याला देतात. दीड-दोन वर्षांपर्यंत पाय बाहेर वाकलेले असणं, मग तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे एकमेकांना घासणं आणि सातव्या वर्षापर्यंत सरळ होणं हा नेहमीचा क्रम आहे. (वाकडेपण वाढतच असेल, एकाच पायात असेल तर मात्र दाखवायला हवं, मुडदूस अजून संपलेला नाही.) उलट कडेवर घेण्याने भलंच होतं. पाय फाकवून आईच्या कमरेला विळखा घातलेलं बाळ खुब्याचा गोळा वाटीत नीट दाबून धरतं आणि वाटी खोल व्हायला मदत होते. पाय सरळ जुळवून घट्ट गुंडाळण्याची रीत जिथे आहे, तिथे खुबा निसटण्याचं प्रमाण जास्त आढळतं.

फुलसावंगीच्या पंचक्रोशीत, गावात आणि आजूबाजूच्या तांड्यांवर, दिवाळीनंतर कापसाची वेचणी असते. आई पहाटे शेतात जाते, लेकरू बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. साप-किड्यापासून ते तिथेच सुरक्षित, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने आईच्या हाताला उसंत नसते. झोळीत बाळ पुन्हा एकदा कमानीत वाकतं. पालथं होणं नाही, रेटा द्यायला जमीन नाही. यावर शहरात बसून नाक मुरडायला मी तयार नाही. ताजिकिस्तानात ‘गहवोरा’ नावाच्या पाळण्यात बाळांना हातपाय बांधून दिवसाचे अनेक तास ठेवतात. लाना करासिक आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. ती मुलं बसायला, चालायला उशिरा लागतात, पण चार-पाच वर्षांची झाली की इतरांसारखीच धावतात, उड्या मारतात. निरोगी बाळाचं शरीर बरंच काही भरून काढतं. तरी दुपारी भाकर खायला बसताना बांधावर वाकळ अंथरून बाळाला आपल्या समोर पालथं घालणं कुठल्याही आईला जमण्यासारखं आहे, आणि तेवढ्यानेही आरोग्य संघटनेने सांगितलेल्या त्या अर्ध्या तासातला मोठा वाटा वसूल होतो.

पांगुळगाड्याबद्दल मात्र मी पक्षपाती आहे. तीन चाकांचा लाकडी गाडा धरून बाळ उभं राहतं तेव्हा सगळा भार त्याच्या स्वतःच्या पायांवर असतो. तोल गेला तर तेच सावरतं, नाहीतर बसकण मारतं. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या वॉकरमध्ये बाळ बसतं. भार बैठकीवर, पाय बोटांच्या टोकांवर, आणि वेग असा की उंबरठ्यावरून थेट ओट्याखाली. वॉकरमधली बाळं बसायला, रांगायला, चालायला उशीर करतात असं १९९९ मध्ये एका अभ्यासात दिसलं आणि कॅनडाने तर २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

पडण्याची भीती वाटते तर एक आकडा ऐका. न्यूयॉर्कच्या कॅरन अडॉल्फ यांनी नुकत्याच चालू लागलेल्या मुलांची पावलं मोजली: खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. इतका सराव कुठला पैलवान करतो?

वेळापत्रकाचं काय? शेजारच्या घरातलं नववा लागताच चाललं आणि आपलं तेराव्यातही भिंत सोडत नाही, ही चिंता जुनीच आहे. भारतीय बाळांची मोजपट्टी भारतीय बाळांवरच बेतली पाहिजे हे ओळखून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या अमेरिकन चाचणीवरून एक भारतीय चाचणी बसवली. १९७० मध्ये ती आली, १९९७ मध्ये सुधारली गेली. तिच्यातल्या ६७ कसोट्या केवळ हालचालींच्या आहेत आणि आजही देशभरच्या बालविकास केंद्रांत ती वापरतात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या ८१६ मुलांवर नजर ठेवली आणि २००६ मध्ये निष्कर्ष दिले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत कधीही, एकटं चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत कधीही. नऊ महिन्यांहून मोठी खिडकी! त्यातली ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढे गेली. मात्र पाचव्या महिन्यातही मान डगमगत असेल, दहाव्यातही बसत नसेल, दीड वर्षाला चालत नसेल, किंवा अंग फार सैल वा फार ताठ वाटत असेल, तर आशाताईंना आणि अंगणवाडीत सांगावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत येऊन मुलं तपासतात आणि गरज पडली तर पुढे पाठवतात.

अशा तपासणीत कधी सेरेब्रल पाल्सी असलेलं लेकरू सापडतं. त्याचे पाय स्वतःहून भार घेत नाहीत, आणि मग वर सांगितलेलं सगळं उलट्या दिशेने घडू लागतं: हाडं विरळ, पोटऱ्या आखूड, खुब्याची वाटी उथळ, आणि काही मुलांत खुबा हळूहळू निसटत जातो. फिजिओथेरपिस्ट अशा मुलाला पट्ट्यांनी सावरून उभं करणाऱ्या चौकटीत रोज काही वेळ उभं ठेवतात, म्हणजे हाडांना निदान वजन कळत राहतं. जोडीला खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळाने काढावा लागतोच. ही चौकट महागडी असायलाच हवी असं नाही. डेव्हिड वर्नर यांनी १९८७ मध्ये खेड्यातल्या अपंग मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात घरच्या लाकडातून असली साधनं करण्याच्या आकृत्या दिल्या आहेत. छातीपाशी, कमरेपाशी आणि गुडघ्यांपाशी आधार, पाय टेकायला सपाट फळी, हाताशी खेळणं ठेवायला एक फळकूट. मापं फिजिओथेरपिस्टने द्यायची. पांगुळगाडा करणारा सुतार ती दोन दिवसांत करून देईल.